पावसाळा आला की जुना कॉम्प्युटर बिघडतो, कपॅसिटर बदलले तरी परत तेच: काय काय बघायचं

जून लागला की १९८०-९० च्या काळातले जुने घरगुती कॉम्प्युटर बाळगणाऱ्यांचे मला ठरलेले फोन सुरू होतात. स्पेक्ट्रम लावला तर स्क्रीनवर नुसते रंगीत चौकोन, बीबीसी मायक्रोतून धूर आला, आमिगाचा एका बाजूचा आवाज गेला, आणि त्याच्या पुढचं वाक्य तर आता पाठच झालंय, "अहो पण गेल्याच वर्षी सगळे कपॅसिटर बदलले होते!" प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो, जरा लांबेल, पण ज्याचं मशीन बंद पडलंय तो वाचेल.

कपॅसिटर म्हणजे वीज क्षणभर साठवून व्होल्टेज सारखं ठेवणारा छोटा भाग. लोक विचारतात कुठला कपॅसिटर गेला असेल, मी उलट विचारतो की मशीन बिघडतं कधी. रोज संध्याकाळी? बरेच महिने बंद असलेलं मशीन पावसात पहिल्यांदा लावल्यावर? थंड असताना चालू होत नाही आणि दहा मिनिटं तसंच ठेवलं की आपोआप नीट होतं? की जूनमध्ये सुरू होतं आणि दिवाळीच्या सुमारास आपोआप बरं होतं? ह्या चारही वेळांमागची कारणं वेगळी आहेत, आणि "सगळे बदलून टाक" ह्या एका उत्तराने त्यातली दोनच सुटतात. उरलेल्या दोघांत पैसे जातात आणि वर बोर्डाचे पॅड, म्हणजे पाय जोडायच्या तांब्याच्या टिकल्या, उखडतात ते वेगळंच.

आता आपल्याकडे कोकणात मशीनं तरी कुठली निघतात बघा. शाळांमधले बीबीसी मायक्रो, १९८४-८५ च्या क्लास प्रकल्पात सरकारने शाळांना दिलेले, ते भंगारात जाता जाता कोणीतरी सरांनी घरी आणून ठेवलेले. डेसिबेल्स ह्या भारतीय कंपनीचा डीबी स्पेक्ट्रम प्लस. ज्यांचे वडील-काका कुवेत, दुबईला होते त्यांच्या माळ्यावर सखर कंपनीचे एमएसएक्स कॉम्प्युटर, अरबी अक्षरांच्या कीबोर्डवाले. आणि अलीकडे चाकरमानी मंडळी मुंबईहून जुने मॅक आणि आमिगा घेऊन येतात, गणपतीत भाच्यांना दाखवायला. ही मशीनं काही असल्या हवेसाठी बनलेली नाहीत आणि इथे पोटमाळ्यावर कौलाखाली पडलेली, म्हणजे मे महिन्यात भट्टी आणि जुलैत भिंतीला हात लावला तर ओल. त्यात खारा वारा.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत काय असतं ते थोडक्यात, म्हणजे पुढचं समजेल. ॲल्युमिनियमची पातळ फॉइल, तिच्यावर ऑक्साइडचा थर, मध्ये द्रवात भिजवलेला कागद, आणि खालून रबराचं बूच. तो द्रव हाच त्याचा जीव. वर्षानुवर्षं तो बुचातून हळूहळू उडून जातो, आणि साधारण हिशोब असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. म्हणजे रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप), त्याच्या गरम हीटसिंकला चिकटून बसलेला आधी जाणार आणि कोपऱ्यातला थंड बसलेला कदाचित अजून दहा वर्षं चालणार. एक मरतो वाळून, दुसरा मरतो गळून. वाळलेला फक्त स्वतः मरतो, गळणारा बोर्ड घेऊन मरतो. एवढं लक्षात ठेवा.

रोज संध्याकाळी बिघडतं

दुपारी मस्त चालतो, सात-साडेसातनंतर आपोआप रीसेट होतो किंवा स्क्रीनवर आडवे काळे पट्टे वर वर सरकत राहतात. गावात ह्या वेळेला व्होल्टेज किती असतं ते मीटर लावून बघा एकदा, २३० कुठलं, टोकाच्या वाडीवर १८० सुद्धा दिसतं. स्पेक्ट्रमचा ९ व्होल्टचा अडॅप्टर म्हणजे साधा ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि एक मोठा कपॅसिटर, आत रेग्युलेशन काहीच नाही, वर तो इंग्लंडच्या २४० व्होल्टसाठी बनवलेला. तिकडे १८० आले की इकडे लोडवर ९ चे ७ पण राहत नाहीत. आणि बोर्डावरच्या ७८०५ रेग्युलेटरला ५ व्होल्ट नीट द्यायचे तर आत साधारण ७ तरी लागतात.

आता ह्यात वाळलेला कपॅसिटर आणा. आपल्या ५० हर्ट्झच्या लाईनवर फुल वेव्ह रेक्टिफायरनंतर, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या डायोडांनंतर, सेकंदाला १०० वेळा कपॅसिटर भरतो आणि रिकामा होतो. समजा १ अँपिअर लोड आहे आणि ४७०० मायक्रोफॅरड आहे, तर प्रत्येक वेळी साधारण २ व्होल्ट खाली-वर होणार, ह्यालाच रिपल म्हणतात. तोच कपॅसिटर वाळून १००० वर आला तर हिशोबाने हा आकडा १० व्होल्टवर जातो, म्हणजे ९ व्होल्टच्या अडॅप्टरमध्ये काही उरतच नाही. दुपारी व्होल्टेज चांगलं असताना हे कसंबसं निभतं, संध्याकाळी उघडं पडतं. म्हणून मशीन उघडायच्या आधी अडॅप्टर तपासा. मशीनमधले सगळे कपॅसिटर बदलून झाले आणि अडॅप्टरमधला मूळचाच, असं फार बघितलंय.

रिपल मोजायला ऑसिलोस्कोप नसेल तर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून मोजता येतं, पण स्वस्तातले मीटर एसी रेंजवर डीसी पण धरतात आणि भलताच आकडा दाखवतात. त्यासाठी लाल प्रोबला सिरीजमध्ये १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर लावा, डीसी अडतो आणि फक्त रिपल दिसतं. ५ व्होल्टच्या लाईनवर काही मिलिव्होल्ट ठीक, अर्धा व्होल्ट दिसला तर पुढे काही शोधायची गरजच नाही.

एक पर्याय असाही की जुना अडॅप्टर जपून ठेवून आधुनिक ९ व्होल्ट २ अँपिअरचा रेग्युलेटेड अडॅप्टर वापरायचा. फक्त स्पेक्ट्रमचा प्लग आत निगेटिव्ह आणि बाहेर पॉझिटिव्ह असा उलटा असतो, बाजारातले बहुतेक अडॅप्टर आत पॉझिटिव्ह येतात. प्लगची जोडणी उलटी केल्याशिवाय लावू नका. कमोडोर ६४ वाल्यांनी तर मूळ अडॅप्टर वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारपणी बिघडला की व्होल्टेज कमी नाही तर जास्त देतो आणि आतल्या रॅम चिप जातात, आणि आत एपॉक्सी ओतलेलं असल्यामुळे उघडून दुरुस्तही धड करता येत नाही.

इन्व्हर्टरबद्दल पण विचारतात. स्क्वेअर वेव्हवाला इन्व्हर्टर असेल तर लाईट गेल्यावर ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर घुमायला आणि तापायला लागतो. खेळ थांबवा, लाईट आली की खेळा.

थंड असताना चालू होत नाही

हे लक्षण ओळखायला सोपं आणि काम पण सोपं. चालू केलं की कचरा दिसतो किंवा काहीच नाही, पाच-दहा मिनिटं चालू ठेवून परत बंद-चालू केलं की बरोबर. इथे कपॅसिटर वाळलेत, त्यांचा ईएसआर म्हणजे आतला रेझिस्टन्स वाढलाय, आणि गरम झाल्यावर उरलासुरला द्रव थोडा पातळ होऊन तो तात्पुरता खाली येतो. असे कपॅसिटर साध्या कपॅसिटन्स मीटरवर बरेचदा पास होतात, २२ चा २० दाखवतो आणि माणूस म्हणतो चांगला आहे. ईएसआर मीटर घ्या. चीनचा तो छोटा डिस्प्लेवाला कंपोनंट टेस्टर पण चालेल, मात्र त्याच्यावर मोजताना कपॅसिटर बोर्डातून काढलेला आणि पूर्ण डिस्चार्ज केलेला पाहिजे, नाहीतर टेस्टरच जातो. आकडा चांगला की वाईट हे कळत नसेल तर त्याच व्हॅल्यूचा नवा नग त्याच मीटरवर मोजा आणि शेजारी शेजारी बघा.

स्पेक्ट्रममध्ये जरा सांभाळून. त्याच्या खालच्या १६के रॅमला, म्हणजे ४११६ चिपना, तीन व्होल्टेज लागतात, त्यातलं ५ रेग्युलेटरमधून येतं आणि १२ आणि उणे ५ एका छोट्या कॉइल-ट्रान्झिस्टरच्या सर्किटमधून तयार होतात. ४११६ च्या पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५, आणि ग्राउंड पिन १६ वर, हे नेहमीच्या चिपच्या उलट आहे त्यामुळे फसायला होतं. उणे ५ गायब असेल तर लगेच बंद करा, तसंच चालू ठेवलं तर रॅम चिप मरतात. रंगीत चौकोन दिसले की लोक कपॅसिटर बदलत सुटतात आणि दर वेळी चालू करून बघतात, त्या बघण्यातच रॅम जाते. आधी तीन व्होल्टेज मोजा, मगच सोल्डरिंग गरम करा.

पावसात पहिल्यांदा लावलं आणि धूर

बीबीसी मायक्रोवाल्यांसाठी, आणि ॲपल टू वाल्यांसाठी पण. लाईट लावली, मशीन "बीप" करून छान चालू झालं, आणि पाच-दहा मिनिटांनी फट्ट आवाज, पांढरा दाट धूर आणि असा वास की अख्ख्या घरात दोन दिवस राहतो. गंमत म्हणजे मशीन अनेकदा धुरातही चालूच असतं.

हा इलेक्ट्रोलिटिक नाहीच. पॉवर सप्लायमध्ये लाईन आणि न्यूट्रलच्या मध्ये बसवलेला फिल्टर कपॅसिटर आहे, एक्स-टू वर्गाचा, पिवळसर पारदर्शक चौकोनी, वर बहुतेक रिफा लिहिलेलं. आत धातूचा मुलामा दिलेला कागद आणि वर एपॉक्सीचं कवच. त्या कवचाला वयानुसार बारीक चिरा जातात आणि चिरेतून कागद हवेतली ओल पितो. कोरड्या हवेत ह्याला बराच वेळ लागतो, आपल्याकडे एक पावसाळा पोटमाळ्यावर काढला की काम झालं. मग २३० व्होल्ट मिळाले की आतल्या आत जळतो.

ह्याच्यासाठी एकच उपाय, तपासायचा नाही, बदलायचाच. चिरा दिसत नसतील तरी. बीबीसीच्या ॲस्टेक सप्लायमध्ये असे दोन आहेत, एक ०.१ मायक्रोफॅरड आणि एक ०.०१, आणि त्यांच्यासोबत २२० मायक्रोफॅरडचा एक छोटा इलेक्ट्रोलिटिक पण बदलून टाका, सप्लाय चालूच होत नाही किंवा टकटक करतो त्याचं कारण बरेचदा तोच असतो. नवा घेताना पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा, अंगावर एक्स-टू आणि २७५ किंवा ३१० व्होल्ट एसी असं छापलेला घ्या. दुकानदार "हा ४०० व्होल्टचा आहे, चालतो" म्हणून साधा डीसीचा फिल्म कपॅसिटर देईल, घेऊ नका. आणि लाईन किंवा न्यूट्रलवरून अर्थला गेलेला जो असतो तो वाय वर्गाचा, तिथे वायच लागतो, एक्स लावायचा नाही, कारण तो शॉर्ट झाला तर मशीनच्या बॉडीवर करंट येतो.

त्यावरून आठवलं, पत्र्याच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात अशी तक्रार असते, ती बहुतेक वेळा कपॅसिटरची नसून घरच्या अर्थिंगची असते. आपल्या जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडतो. मे महिन्यात दोन बादल्या पाणी ओता आणि परत बघा.

सप्लाय उघडणार असाल तर एवढं नीट ऐका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते राहू शकतं. प्लग काढा, थांबा, मीटरने मोजा, उरलं असेल तर १० किलोओहम ५ वॉटच्या रेझिस्टरने उतरवा, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नाही. काम झाल्यावर पहिल्यांदा थेट प्लगला न लावता इलेक्ट्रिशियनकडच्या सिरीज बल्बवर लावा, ६० किंवा १०० वॉटचा साधा तारेचा बल्ब, एलईडी नको. क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे आणि तुमचं काही नुकसान झालेलं नाही. हे सगळं वाचून धाकधूक वाटत असेल तर सप्लायचं काम टीव्ही रिपेअरवाल्याला द्या, ते रोज हेच करतात, नवे कपॅसिटर मात्र तुम्ही नेऊन द्या.

जूनमध्ये सुरू, दिवाळीत बरं

आता खरा विषय. कपॅसिटर बदललेत, नवे आहेत, ईएसआर बरोबर आहे, व्होल्टेज बरोबर आहे, आणि तरी पाऊस सुरू झाला की आवाज खरखरतो, चित्र हलतं, कधी बूटच होत नाही. ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळं नीट. मग माणूस परत कपॅसिटर बदलतो.

हे आमिगा ६००, १२०० आणि मॅक एसई/३०, क्लासिक ह्यांच्यात जास्त. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि ९० च्या सुरुवातीला जे छोटे पृष्ठभागावर चिकटवायचे ॲल्युमिनियमचे डबे आले त्यातल्या बऱ्याच कपॅसिटरमध्ये असं रसायन होतं की ते स्वतःचंच रबराचं बूच खायचं. ते गळलं आणि बोर्डावर पसरलं. तुम्ही डबा काढून नवा लावला, पण पसरलेलं तिथेच आहे, ट्रॅकच्या हिरव्या लॅकरखाली शिरलेलं, शेजारच्या चिपच्या पोटाखाली ओढलं गेलेलं, थ्रू-होलच्या, म्हणजे बोर्डाच्या आरपार भोकांच्या, आत. कोरड्या हवेत ते पापुद्र्यासारखं पडून असतं आणि काही करत नाही. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसं त्याला सुटतं, आणि दोन ट्रॅकमध्ये जिथे काहीच नको तिथे करंट वाहायला लागतो. शिवाय ओल आणि व्होल्टेज दोन्ही मिळाल्यावर तांबं खाणं पुढे चालूच राहतं.

ह्याची खात्री कशी करायची? मशीन उघडून चालू करा, म्हणजे ५ आणि १२ व्होल्टचा लॉजिक बोर्ड, पॉवर सप्लाय नव्हे हां, आणि पिक्चर ट्यूब आत असलेल्या मॅकवर तर हे करूच नका, त्याचं शेवटी सांगतो, आणि संशयाच्या जागेवर तोंड जवळ नेऊन "हाऽऽ" करून वाफ सोडा, चष्म्याच्या काचेवर सोडतो तशी. बिघाड लगेच दिसला आणि हेअर ड्रायरची कोमट हवा मारल्यावर गेला तर तुम्हाला नवा कपॅसिटर नकोय, तुम्हाला बोर्ड धुवायचाय. दुसरी खूण म्हणजे सोल्डरचे जॉइंट चमकदार नसून राखाडी निस्तेज दिसतात, आणि तिथे सोल्डरिंग टेकवलं की मासळीसारखा वास येतो. आपल्या घरात मासळीचा वास येणं ह्यात नवल काही नाही, पण शनिवारी संकष्टी असताना आणि बोर्डातून आला तर समजून जा.

आणखी एक कारण आहे ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. गेल्या वर्षी कपॅसिटर बदलताना सोल्डरिंगची पेस्ट, म्हणजे फ्लक्स, कुठली लावली? डबीतली ती पिवळी-तपकिरी पेस्ट काही ठिकाणी पत्रा आणि पाइप जोडायची असते, आम्लाची, झिंक क्लोराइडवाली. ती धुतली नाही तर ती स्वतःच ओल ओढते आणि पुढच्या पावसाळ्यात पायांभोवती हिरवं फुलतं. म्हणजे दुरुस्तीनेच नवा आजार दिला. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा रोझिन फ्लक्स वापरा, आणि तो "नो-क्लीन", म्हणजे धुवायची गरज नसलेला, असला तरी आपल्या किनाऱ्यावर धुवाच.

धुण्याची माझी पद्धत अशी. सोल्डरिंग लावायच्या आधीच पहिलं धुणं, कारण ते गळलेलं तापलं की अजून पसरतं आणि पॅड सुटतात. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. मग डबे काढायचे. हॉट एअर असेल तर छान, नसेल तर दोन सोल्डरिंग घेऊन दोन्ही पाय एकदम तापवा. पकडीने पिळून काढायची पद्धत व्हिडिओत छान दिसते आणि काही लोक त्यात तरबेज आहेत, पण कुजलेल्या पॅडवर मी ती सुचवणार नाही. डबे निघाल्यावर पॅडवर नवीन सोल्डर घालून विकने (सोल्डर शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी) उचलून घ्या, काळपट सोल्डर गेल्याशिवाय नवीन धरत नाही. मग पुन्हा ब्रश. मग डिस्टिल्ड वॉटर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच, सिरिंजमध्ये भरून चिपच्या पोटाखालून जोरात मारायचं, खालून घाण पाणी यायचं थांबेपर्यंत. विहिरीचं पाणी वापरू नका, समुद्राजवळच्या विहिरींना क्षार असतोच आणि आपण काढायला निघालोय तोच परत घालतोय असं होईल. शेवटी परत अल्कोहोल, म्हणजे पाणी बाहेर पडतं.

बॅटरी गळली असेल, म्हणजे आमिगा ५०० च्या मेमरी कार्डावरची निळी-हिरवी रिचार्जेबल, तर तिचं गळलेलं अल्कलाइन असतं, तिथे आधी पांढरं व्हिनेगर लावून ते मारायचं आणि मग पाणी आणि अल्कोहोल. एकाने विचारलं आमसुलाचं आगळ चालेल का, आंबट तर आहेच. नाही हो, आगळात मीठ असतं. ते सोलकढीतच बरं.

धुवून झाल्यावर वाळवणं, आणि जुलैत ही खरी अडचण. खोक्यात ४० वॉटचा बल्ब आणि वरून छोटा पंखा, बोर्ड बल्बपासून लांब, हाताला कोमट लागेल इतकंच, आणि रात्रभर. चिपच्या खाली पाणी दिसत नाही पण असतं. घाई करून लावू नका. तांदळात पुरायचं तर बिलकूल नाही, पिठूळ सगळीकडे शिरतं आणि ओल तशीच.

वाळल्यावर मल्टिमीटरच्या बीप मोडवर कपॅसिटरच्या जागेपासून जवळच्या चिपपर्यंत एकेक ट्रॅक तपासा. थ्रू-होलची कड काळी दिसली की तिथे शंका घ्या. तुटला असेल तर बारीक इनॅमल वायरने जोडा आणि खरवडलेल्या तांब्यावर सोल्डर मास्क किंवा निदान पारदर्शक नेलपॉलिश लावा, खारी हवा उघडं तांबं सोडत नाही.

कपॅसिटरचा दोष नसतोच तेव्हा

बीबीसीमध्ये बऱ्याच चिप सॉकेटमध्ये आहेत. खाऱ्या हवेने पाय काळे पडतात आणि लक्षणं हुबेहूब वाळलेल्या कपॅसिटरसारखीच, कधी चालतं कधी नाही. चिप हळूच उचलून परत दाबून बसवा, आणि स्पेक्ट्रम असेल तर मागच्या एज कनेक्टरला, म्हणजे बोर्डाच्या कडेवरच्या उघड्या पट्ट्यांना, अल्कोहोल लावा. फुकटचं काम आहे, ते आधी करा. स्पेक्ट्रमच्या कीबोर्डची पट्टी वाळून चिरते ती पण ह्यातच, अर्धे बटण चालत नाहीत म्हणून कपॅसिटर बदलायचं काही कारण नाही. आणि पुरात बुडालेलं मशीन असेल, २०२१ ला चिपळूणला जे झालं तसं, तर तिथे गाळ हाच पहिला प्रश्न, आधी पूर्ण खोलून धुवा, कपॅसिटरचं नंतर बघू.

नवे घेताना आणि लावताना

कपॅसिटन्स तेवढीच किंवा किंचित जास्त, व्होल्टेज तेवढं किंवा एक पायरी वर, १०५ अंशांचा. ८५ अंशांचा दोन रुपये स्वस्त मिळतो, त्याच्या नादाला लागू नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, कोणी जाणार असेल तर यादी करून द्या, व्हॅल्यूसोबत उंची आणि पायांमधलं अंतर पण लिहा. वीस वर्षं काउंटरखाली पडलेला "नवा" माल घेऊ नका, तो न वापरताच म्हातारा झालेला असतो. मोठ्या व्हॅल्यूचा नग हातात अगदीच हलका लागला तर मीटरवर मोजल्याशिवाय लावू नका.

स्पेक्ट्रममध्ये आडवे, दोन्ही टोकांना पाय असलेले कपॅसिटर आहेत, तसे आता सहज मिळत नाहीत. उभा लावून एक पाय वाकवला तरी चालतो, वाकवलेल्या पायावर स्लीव्ह चढवा.

पोलॅरिटीमध्ये फसतात ते इथे: साध्या इलेक्ट्रोलिटिकवर पट्टा म्हणजे निगेटिव्ह, पृष्ठभागी ॲल्युमिनियम डब्यावरचा काळा भागही निगेटिव्ह, पण टँटलम ह्या दुसऱ्या प्रकारच्या कपॅसिटरवरचा पट्टा म्हणजे पॉझिटिव्ह. डब्यांच्या जागी टँटलम लावताय तर व्होल्टेज दुप्पट घ्या, आणि उलटा लागला तर तो फुगत नाही, पेटतो. बोर्डावर छापलेल्या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, काही बोर्डांवर छपाईच चुकलेली आहे. काढायच्या आधी फोटो काढा आणि निगेटिव्ह पाय ग्राउंडला बीप करतो का बघा, बहुतेक ठिकाणी करतो.

सगळे एका बैठकीत बदलू नका. दोन-तीन बदलले, चालू करून बघितलं, पुढे गेलो. तीस एकदम बदलून मशीन मेलं तर कुठे शोधणार?

ठेवायचं कुठे

पोटमाळा नको आणि जमिनीलगतचं भिंतीतलं कपाट पण नको, तिथे ओल वर चढते. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा क्रेट, आत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलणाऱ्या, म्हणजे कधी तापवून परत वापरायच्या ते कळतं. मशीन आधी पूर्ण कोरडं करून मगच बंद करा, नाहीतर ओल आतच कोंडली जाते. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा काढून तासभर चालवलं तर आतली उष्णता बोर्ड कोरडा ठेवते आणि कपॅसिटरचा ऑक्साइडचा थरही टिकतो. विजा कडकडत असतील त्या दिवशी मात्र नाही, आणि स्विच बंद करून भागत नाही, प्लग आणि टीव्हीच्या अँटेनाची वायर दोन्ही काढा.

मोठं सोल्डरिंगचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा, धुतलेला बोर्ड दोन दिवसांत कोरडा होतो. रिफा बदलायचं काम तेवढं आजच करा, पाऊस असो नसो, आणि तोवर बीबीसी प्लगला लावू नका. मॅक एसई/३०, क्लासिकसारखे एकाच डब्यात पिक्चर ट्यूब असलेले मॅक असतील तर मागचं झाकण उघडू नका, ट्यूबवर हजारो व्होल्ट उरलेले असतात. ट्यूब डिस्चार्ज करणारा टीव्ही मेकॅनिक समोर बसवा, लॉजिक बोर्ड बाहेर काढून घ्या, आणि तो मग घरी आणून निवांत धुवा.